तांबडं शेवाळ

"मिस, जे दुखणं चढतं आणि मग आपलं आपण उतरतं, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

रिफ्गा माझ्या स्वयंपाकघराच्या दारात नारळ खोवत बसली होती. मालदीवमधली खोवणी म्हणजे एक बुटकी लाकडी बैठक आणि तिच्या पुढच्या टोकाला लोखंडी दातेरी जीभ. घोड्यावर बसावं तसं तिच्यावर बसायचं आणि नारळाची वाटी दोन्ही हातांनी फिरवत राहायची. मला ते कधी जमलं नाही. मी जतकडची. आमच्याकडे नारळ म्हणजे देवापुढे फोडायचा आणि तुकडा तुकडा वाटायचा. म्हणून शाळा सुटली की रिफ्गा यायची, माझा नारळ खोवून द्यायची, आणि खोवता खोवता इंग्रजी बोलायची. चुकली की मी तिथल्या तिथे सुधारायची. हा व्यवहार आम्ही ठरवलेला नव्हता, तो होत गेला.

"कसं चढतं?" मी विचारलं.

"पाणी चढतं तसं. आधी कळतच नाही. मग बघावं तर पाय बुडालेले."

मी तांदूळ निवडत होते. माझा हात थांबला. पंधरा-सोळा वर्षांची पोर आणि हे बोलणं.

मावाफुशी हे बेट एवढंसं होतं की एका बाजूला उभं राहिलं तर दुसऱ्या बाजूच्या लाटा ऐकू यायच्या. शाळा दहावीपर्यंत. पुढे शिकायचं तर बोटीनं राजधानीला, मालेला, आणि तिथे राहायचं कुणाकडे हा प्रश्न. मी तिथे इंग्रजी शिकवायला गेले तेव्हा माझं वय तिशीच्या आतलं होतं, लग्नाचं जमत नव्हतं, आणि घरात माझ्याविषयी हलक्या आवाजात बोलणं चालायचं. समुद्र मी त्याआधी फक्त एकदा पाहिला होता, सहलीत, गणपतीपुळ्याला.

संध्याकाळी माझ्या शिकवणीला वरच्या वर्गातली मुलं यायची. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की भाषा ही खिडकी असते. त्यांनी ऐकून घेतलं. मग शमाल नावाचा उंच मुलगा म्हणाला, "मिस, आम्हाला रिसॉर्टवर लागायचंय." बाकीचे हसले, कारण ते सगळ्यांच्याच मनातलं होतं. पर्यटकांच्या बेटावर वेटर, खोल्या आवरणारे, बोटीवर पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या भरणारे. मला वाईट वाटलं. एवढ्या निळ्या पाण्याकाठी जन्मलेली पोरं, आणि भाषा कशाला, तर 'आणखी काही हवं का सर' म्हणायला. त्यांना आणखी काही विचारावं असं मला वाटलं नाही. रिफ्गा तेवढी त्यांच्यात वेगळी आहे, असं मात्र मी ठरवून टाकलं.

आणि ती वेगळी होतीच. ती शब्द मागायची, आणि मागताना नेमकी मागायची. टोचणं आणि खुपणं यांत फरक काय? थकलेलं माणूस आणि आतून रिकामं झालेलं माणूस, यांना एकच शब्द का? रोज होतं पण रोज सारखं होत नाही, हे कसं म्हणायचं? मी तिला विचारलं नाही की हे तुला का हवंय. माझ्या आईच्या मांडीवर मी असंच काहीबाही ऐकत वाढले होते. आमच्याकडच्या बाया दुखणं माणसांना सांगत नसत, जात्याला सांगत. नवरा, सासू, दीर सगळे झोपलेले असत, आणि जात्याच्या घरघरीत बाई आपलं काय ते मोकळं करी. त्यामुळे पोरीच्या तोंडून दुखणं आलं की मला वाटायचं, आता गाणं येणार.

दर वर्षी आमच्या भागातल्या बेटांच्या शाळांची इंग्रजी कवितांची स्पर्धा व्हायची. स्वतः रचलेली कविता पाठ म्हणायची. पहिल्या येणाऱ्याला मालेच्या मोठ्या शाळेत प्रवेश, राहणं-खाणं सरकारचं. मावाफुशीचं कुणी कधी पहिलं आलं नव्हतं. मी रिफ्गाचं नाव देऊन टाकलं. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी मोठ्या माणसांपुढे उभी राहून इंग्रजीत बोलेन, आणि ते ऐकून घेतील?"

"ऐकून घ्यावंच लागेल त्यांना."

"मध्ये थांबवणार नाहीत?"

"कुणी थांबवणार नाही."

तिने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून ती माझ्याही आधी माझ्या दारात हजर असायची.

बेटावर माझ्याखेरीज आणखी एक परदेशी माणूस होतं, आरोग्य केंद्राचे डॉक्टर तिर्की. रांचीकडचे. शांत, जाड चष्मा, घरच्या आठवणीनं व्याकूळ. शुक्रवारी सुट्टी असायची तेव्हा ते माझ्याकडे चहाला येत. व्हरांड्यात काथ्याच्या दोन झोळीसारख्या खुर्च्या टांगलेल्या होत्या, त्यांत बसून आम्ही हिंदीत बोलायचो. मी गावाकडून आणलेला चिवडा त्यांना पुरवून पुरवून द्यायची. ते मला दीदी म्हणत.

डॉक्टरांना तिथली धिवेही भाषा यायची नाही. रोग्याचं बोलणं त्यांना इंग्रजीत सांगायला मूसाबे नावाचा एक गृहस्थ नेमलेला होता. बे म्हणजे थोरला, दादा. हा मूसाबे रिफ्गाचा चुलता. त्याचं इंग्रजी मोडकं होतं आणि गावात कुणाला काय होतंय हे त्याच्या बायकोला केंद्रातल्या गोळ्या संपायच्या आत कळत असे. डॉक्टर त्याच्या गमती सांगत. एकदा सांगितलं, एक म्हातारा आला, मूसाबेनं त्याचं म्हणणं मोठ्या गांभीर्यानं सांगितलं: याच्या डोक्यात बोट सुरू आहे, आणि ती किनाऱ्याला लागत नाही.

मी हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. डॉक्टरही चष्मा काढून हसत होते. सुट्टीच्या दिवशीही रिफ्गा येई; आत तिच्या नारळ खोवण्याचा आवाज चालू होता. तो थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

त्या बेटावर हिंदी सगळ्यांना कळायची. सिनेमे बघून बघून आलेली हिंदी. तिच्यात प्रेम होतं, वचन होतं, सूड होता. घरातलं दुखणं सांगण्यापुरती ती नव्हती.

स्पर्धा जवळ आली तशी आमची कविता आकार घेऊ लागली. रिफ्गा एक एक वाक्य घेऊन यायची, ओबडधोबड, आणि मी ते घासूनपुसून परत द्यायची. एका संध्याकाळी ती म्हणाली, "मिस, ते पाणी चढतं ना, ते उतरताना नुसतं उतरत नाही. काहीतरी ठेवून जातं. लाल. रोज."

माझ्या अंगावर काटा आला. "लाल काय ठेवतो समुद्र?"

ती वहीचं पान मुडपत राहिली.

"शेवाळ," मीच म्हणाले. "तांबडं शेवाळ. मी पाहिलंय ना, मागच्या किनाऱ्याला." आणि इंग्रजीत ओळ रचून दिली. तिचा अर्थ असा होता: भरती माझ्या आईच्या घरात शिरते, गुपचूप, आणि ओसरताना वाळूवर तांबडं शेवाळ ठेवून जाते.

रिफ्गाने ती ओळ वहीत न लिहिता तोंडानेच दोनदा म्हणून पाहिली. मग विचारलं, "आईच्या घरात का? आईच्या पोटात म्हटलं तर?"

"घरात जास्त सुंदर आहे."

"कळेल का पण?"

"ज्याला कळायचं त्याला कळेल," मी म्हणाले.

त्या वेळी मी तिला माझ्या आईची एक ओवी ऐकवली. आधी मराठीत, मग अर्थ सांगून.

पोटाच्या तळाशी । कोणी पुरिला निखारा
पदराचा घालू वारा । विझेना गं

"बघ," मी म्हणाले, "माझ्या आईनं कुठे साधंसरळ सांगितलं? तिनं निखारा म्हटलं. म्हणून तर ते माझ्या लक्षात राहिलं."

रिफ्गाने विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

तिला प्रश्न नीट विचारता आला नाही असं मला वाटलं. मी म्हणाले, "कधी?" पण तेवढ्यात मगरिबची, दिवस मावळतानाची बांग झाली आणि ती उठून गेली.

तिच्या आईला मी एकदाच जवळून पाहिलं होतं. जमीला तिचं नाव. नवरा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर, महिनोन्‌महिने बाहेर. ती माझ्याकडे वाफाळती माशाची आमटी घेऊन आली होती. दारातून खुर्चीपर्यंत येताना तिने भिंतीला हात लावला, दोनदा. बसली आणि माझा हात हातात घेऊन धिवेहीत बराच वेळ बोलली. आवाज अगदी खालचा. बोलताना माझ्याकडे अशी बघत होती की मीच तिची कोणी थोरली बहीण. मी रिफ्गाकडे पाहिलं. रिफ्गा म्हणाली, "आई म्हणते, मिसना देव बरं ठेवो." एवढं लांब बोलणं आणि एवढासा अर्थ कसा, हे माझ्या मनात आलं खरं. मी त्यांना चिवडा दिला.

कविता पुरी झाली त्या शुक्रवारी मी डॉक्टर तिर्कींना रिफ्गाची कविता म्हणून दाखवली. मला पाठच झाली होती. त्यांनी डोळे मिटून ऐकली. म्हणाले, "दीदी, हे या मुलीनं लिहिलं? ही पहिली येणार." मला इतका आनंद झाला की त्यांना चहा ओतताना मी बशीतही ओतला.

पुढच्या आठवड्यात रिफ्गा आली नाही. एक दिवस, मग दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी वर्गात शिकवत असताना शमाल उठला आणि विचारल्याशिवाय खिडकीशी गेला. धक्क्याच्या बाजूनं माणसं चालली होती, न बोलता, भराभर. "रिफ्गाची आई," तो म्हणाला. बस, एवढंच. मी खडू हातात घेऊनच निघाले.

धक्क्यावर स्पीडबोट सुरू करून ठेवली होती. चार बायकांनी चादरीचे चार कोपरे धरले होते आणि पाचवी वरून ओढणीचा आडोसा करत चालली होती, बाप्यांच्या नजरेला काही पडू नये म्हणून. चादरीत जमीला होती. चादर खालून भिजलेली होती. मी त्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात माझीच ओळ आली. दुसरं काही येईना, ती ओळच येत राहिली.

डॉक्टर तिर्की बोटीजवळ उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. हिंदीत बोलत होते पण वाक्यं पुरी होत नव्हती. चार दिवसांपूर्वी रिफ्गा आईला घेऊन केंद्रात आली होती. मूसाबेला तिने बाहेर बसायला सांगितलं, मी स्वतः बोलणार म्हणाली. आई खुर्चीत, डोक्यावरून ओढणी, मान खाली. आणि रिफ्गा समोर उभी राहिली. दोन्ही हात पुढे एकमेकांत धरून, हनुवटी वर, मी शिकवलं होतं तशी.

"तिने कविता म्हटली, दीदी. पूर्ण. तुम्ही म्हणून दाखवली होती तीच. मला वाटलं, स्पर्धेआधी कुणापुढे तरी म्हणून बघायची असेल. मी म्हटलं, शाबास. मग विचारलं, आईला काय होतंय? तर ती म्हणाली, आत्ताच सांगितलं." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसत राहिले. "मी आईला ताप आहे का पाहिलं. कंबर दुखते का विचारलं. गोळ्या दिल्या. बाहेर रांग होती."

रिफ्गा बोटीत आईच्या डोक्याशी बसली होती. मी धक्क्याच्या कडेला गुडघे टेकून बसले. इंजिनाच्या आवाजात मी तिला काय म्हणाले ते मला आठवत नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला पुढे कितीतरी वर्षं पुरलं. एखाद्या हुशार विद्यार्थिनीला पेपरात शून्य मिळावं आणि चूक कुठे झाली ते तिला कळू नये, तशी ती दिसत होती.

"मिस," ती म्हणाली, "मी सगळं बरोबर म्हटलं. एकही शब्द चुकले नाही."

दोरी सोडली. बोट गेली.

स्पर्धा झाली तेव्हा आमच्या शाळेतून कुणी गेलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, कविता तर तयार आहे, दुसऱ्या मुलीला पाठ करायला देऊ. मी नाही म्हणाले, आणि ते माझ्यावर रुसले.

जमीलाचं मालेला ऑपरेशन झालं. गर्भाशय काढून टाकलं, पण जे होतं ते तेवढ्यात मावणारं राहिलं नव्हतं. थोडं आधी आणलं असतं तर, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे मला मूसाबेकडून कळलं. त्याच्या मोडक्या इंग्रजीत ते वाक्य अगदी स्पष्ट होतं. मायलेकी परत आल्या तेव्हा जमीला धक्क्यावरून घरापर्यंत आपल्या पायांनी चालली. ती आणखी एक रमजान पाहून गेली.

परत आल्यानंतर रिफ्गा एका संध्याकाळी शिकवणीला आली आणि मागे बसली. मी पुस्तक उघडलं, आणि मिटलं. तोवर मला बेटावर येऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या मुलांना मी पहिल्यांदा विचारलं, की तुम्हाला इंग्रजी कशाला हवंय. रिसॉर्ट सोडून सांगा, मी म्हणाले. मग माझं मलाच कसंसं वाटलं, आणि म्हणाले, रिसॉर्टचंही सांगा.

शमाल म्हणाला, त्याचे वडील रिसॉर्टच्या धोबीखान्यात आहेत. साहेब त्यांच्यावर ओरडतो आणि ते फक्त यस सर म्हणतात. साहेब नेमकं काय म्हणतो ते त्याला कळून घ्यायचं होतं. दुसरी एक मुलगी, तिचा भाऊ दूरच्या देशात जहाजावर होता आणि काही काळापासून त्याचा पत्ता नव्हता. कंपनीला फोन लावला की पलीकडचे इंग्रजीत बोलत आणि फोन ठेवून देत. एकेक जण सांगत गेला. ही मुलं रोज माझ्यासमोर बसत होती आणि मी त्यांना खिडक्या दाखवत होते.

रिफ्गाचा नंबर आला. ती उभी राहिली. या वेळी तिने हात एकमेकांत धरले नाहीत.

"मूसाबे माझ्या बापाचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर आई ते बोलू शकत नव्हती. म्हणून मला बोलायचं होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि डॉक्टर हसणार नाहीत असं बोलायचं होतं."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. त्याची गरज नव्हती. व्हरांडा, चहा, चिवडा, डोक्यात सुरू असलेली बोट, सगळं माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. डॉक्टर दर शुक्रवारी माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसत होते. मी एक वाक्य हिंदीत बोलले असते तर पुरलं असतं. पण ते वाक्य मला सांगायचं धाडस ज्या पोरीला करायचं होतं, ती आत नारळ खोवत होती आणि मी बाहेर हसत होते.

"मिस," ती बसण्याआधी म्हणाली, "आता मला सुंदर नको. साधं शिकवा."

मग आम्ही साधं शिकलो. कुठे दुखतं. कधीपासून. किती. रक्त जातं का. वर्गातली मुलं आधी लाजली, मग लाजेनाशी झाली. रिफ्गा सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची. कुणी पुटपुटलं की म्हणायची, मोठ्यानं, डॉक्टर बहिरा आहे असं समज. त्यावर सगळे हसत, आणि ती हसू देत असे.

माझा करार संपला आणि मी परतले. पुढे माझ्या जागेवर गेलेल्या बाईंनी कळवलं की रिफ्गा आता त्या केंद्रात आहे, मूसाबेच्या जागेवर. बायका तिच्यासाठी थांबून राहतात. रोगी बोलत असताना ती डॉक्टरांकडे अशी बघते की डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकतात.

मला तिचा तो प्रश्न मात्र खूप उशिरा कळला. 'मग तुम्ही काय केलंत?' मी तिला चुकलेली समजले होते. तिने नीटच विचारलं होतं. ओवी ऐकल्यावर साध्या माणसाला जे विचारावंसं वाटेल तेच.

माझी आई मी अकरावीत असताना गेली. पोटाच्या दुखण्यानं, एवढंच आम्ही लोकांना सांगत आलो. कसलं दुखणं, कधीपासून, किती, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही, कारण तिने ते कुणाला सांगितलं नाही असं आम्ही धरून चाललो. पण ती रोज पहाटे सांगत होती. जात्याच्या पाळीशी बसून, आवाज लावून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. वडील पलीकडे पडलेले असायचे, आणि आम्ही भावंडं तिच्या मांडीवर डोकं ठेवून. फार गोड चाल होती. निखारा आला की आमचे डोळे मिटत.